दामूअण्णांचा सुक्रात

अमरावतीच्या कापूसबाजारात भाव विचारायला गेलं, की दामूअण्णा आधी उलट विचारत, "सुक्रात स्वर्गात गेला का नाई?" तिकडे अमेरिकेत लढाई पेटलेली, इकडे कापसाला सोन्याचा भाव, आणि गोऱ्या साहेबाचा हा कापूसपारखी विष पिऊन मेलेल्या ग्रीक म्हाताऱ्याची चौकशी करतोय! सुक्रात कोण, हे आम्हा दलालांच्या बापालाही ठाऊक नव्हतं. पण माल पास व्हायला हवा, म्हणून सगळे बेशरमपणे सांगायचो, "गेला ना अण्णा, सहकुटुंब गेला."

मग अण्णा खुशीत सरकी तळहातावर घेऊन सुरू होत. ख्रिस्ताच्या आधीच देवाच्या शब्दाचं बी जगभर पेरलेलं होतं, ग्रीकांच्या विचारात ते उगवलं, आणि जुने ख्रिस्ती पंडित स्वतःच तसं लिहून गेलेत. "बी तं पडलंच होतं ना, बाप्पा?" हे पालुपद.

अण्णा बाटून ख्रिस्ती झाले तेव्हा जातीनं वाळीत टाकलं. बाजारात मात्र त्यांच्यापुढे लाळ घोटायला तीच जात हजर! त्यांच्या पत्नी सगुणावहिनी बाटल्या नाहीत आणि माहेरीही गेल्या नाहीत. त्याच घरात वेगळी चूल मांडून राहिल्या. अण्णा रोज ओसरीवर त्यांना शुभवर्तमान वाचून दाखवत. त्या शेवटपर्यंत ऐकत आणि म्हणत, "झालं? मंग जेवा आता."

उन्हाळ्यात पटकीनं वहिनी गेल्या आणि हे सुक्रातचं खूळ सुरू झालं. बाप्तिस्म्याशिवाय तो आत जातो, तर सगुणा का नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

अकोल्याहून गोरा पाद्री आला, तेव्हा अण्णांनी त्याला ओसरीवर बसवून हेच विचारलं. मी शेजारी, म्हणून मलाही बोलावलेलं. पाद्री म्हणाला, सुक्रातच्या कानावर शुभवर्तमान गेलंच नव्हतं, त्याच्यासाठी आशा आहे. ज्यांनी ऐकून नाकारलं, त्यांच्यासाठी नाही. मग सहज विचारलं, "तुमच्या पत्नीला कोणी सांगितलं होतं?"

अण्णांचं तोंड पांढरं पडलं. सांगणारे तेच, तेही रोज. मला त्या गोऱ्याचा असा संताप आला की उठून जावंसं वाटलं.

"तिले ऐकू येत नोतं, साहेब," अण्णा म्हणाले. खोट्याची सवय नाही, धड जमलंही नाही. पाद्रीनं माझ्याकडे पाहिलं.

आमच्या घरातली कुजबुज भिंतीपलीकडून ऐकून सकाळी माझ्या बायकोला अक्कल शिकवणारी ती बाई!

"ठार बहिरी होती, साहेब," मी म्हणालो. "जन्माचीच."