रोहिणी वर जाते, नीला खाली येते

बायको इस्त्री करत होती आणि मास्तर बाहेरच्या खोलीत येरझारा घालत फोनवर बोलत होते.

"रोहिणी वर जाते, नीला खाली येते. एवढं ध्यानात ठेवलंस की निम्मं काम झालं."

इस्त्री जागच्या जागी थबकली.

फोनवर मास्तरांची भाची होती. नर्सिंगच्या तोंडी परीक्षेत मागच्या खेपेला ती गळ्यापाशीच अडकली होती. आज अकराला पुन्हा तीच परीक्षा. या वेळी नापास झाली तर वर्ष वाया. म्हणून मास्तर तिला मानेतल्या रक्तवाहिन्या समजावून देत होते. हृदयाकडून रक्त नेते ती रोहिणी, हृदयाकडे परत आणते ती नीला. शाळेत तीस वर्षं त्यांनी हेच शिकवलेलं. बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होत्या वरच्या मजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्या दोघी बहिणी, आणि त्यांची नावं तिनं अजून विचारली नव्हती.

"हो गं, दोघी शेजारी शेजारीच असतात," मास्तर रंगात आले होते. "रोहिणीवर बोट ठेवलं की धडधड कळते. नीला शांत. पण मान वळवली की बाहेरची नीला लगेच नजरेत भरते!"

शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला.

"गळ्याशी आली की रोहिणीच्या वाटा दोन. एक तोंडाकडे, दुसरी थेट डोक्यात. आणि दोन्ही बाजूंच्या रोहिणी एकदम दाबायच्या नाहीत हं, माणूस चक्कर येऊन पडतो!"

"पडेल, आज नक्की पडेल," बायको पुटपुटली. "अहो, आंघोळीला जा आधी!"

मास्तर गेले. बायकोनं त्यांचा फोन कपड्यांच्या घडीखाली दडपला. तेवढ्यात तो वाजला.

"मामी, मामाला दे ना पटकन! माझ्याआधी एकच मुलगी राहिलीय. रोहिणी गळ्याशी आल्यावर पुढे काय होतं गं? सगळं विसरले!"

"म्हणजे तुलाही माहितीय हे प्रकरण? मग मामा कशाला, मीच सांगते! गळ्याशी आली की तिच्या वाटा दोन! एक तोंडाकडे, दुसरी थेट डोक्यात! आणि ती नीला, वरून शांत, मुकाट्यानं खाली येते! अक्षर न् अक्षर ऐकलंय मी!"

"मामी, वाचवलंस गं!" फोन बंद.

ओल्या डोक्यानं मास्तर बाहेर आले. "कुणाचा फोन?"

"तुमच्या रोहिणीची चौकशी होती."

मास्तरांना उलगडा व्हायला जरा वेळ लागला. मग ते स्टुलावर बसून इतके हसले की ठसका लागला. त्यांनी बायकोची दोन बोटं धरून आपल्या जबड्याखाली टेकवली. "ही बघ रोहिणी."

बायकोला बोटांखाली धडधड लागली. ती गोरीमोरी झाली. "मग असं आधी सांगायचं ना!" म्हणत तिनं जळका शर्ट हळूच मागे सारला.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. "मामी, पास! परीक्षक बाई म्हणाल्या, इतक्या पोटतिडकीनं आजवर कुणी उत्तर दिलं नाही. आता परवा पोटाची परीक्षा आहे. मामाला देऊ नकोस हं, तूच सांग."

बायकोनं फोनवर हात ठेवला आणि करड्या आवाजात विचारलं, "अहो, पोटात कोण कोण आहे?"