दुसरीच्या नवऱ्याबरोबर एकेरी प्रवास

एकट्या बाईनं जग कसं फिरावं हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं खुशाल माझ्याकडे यावं! निदान असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. पद्धत अगदी सोपी. मोठमोठी प्रवासी जहाजं हंगाम संपला की एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात जातात. परतीचा प्रवास नसतो, म्हणून लोक फिरकत नाहीत. निघायच्या दिवशीसुद्धा खोल्या रिकाम्या असतात आणि बाजार उठताना भाजी मिळावी तशा स्वस्तात मिळतात. आपण फक्त बंदराच्या गावी बॅग भरून बसायचं. जहाज नेईल तिथे उतरायचं, आणि तिथून पुढचं जहाज. ना तारीख, ना बेत, ना कुणाला विचारणं!

उभा जन्म पोस्टाच्या पार्सल विभागात गेला माझा. लोकांची खोकी जगभर धाडली आणि स्वतः मात्र घर ते पोस्ट, पोस्ट ते घर. नवरा गेला, मग नोकरी संपली, तेव्हा ठरवलं, आता आपणच पार्सल व्हायचं!

मुलगी म्हणाली, "आई, एकटीला काही झालं तर?"

"काय व्हायचंय? मेलेच, तर चादरी बदलायला येणाऱ्याला कळेलच की!"

असले विनोद मी तेव्हा करत असे.

पहिलं जहाज झकास पार पडलं. दुसऱ्यासाठी बंदरावरच्या लॉजमध्ये बसले होते, तर एजंटचा फोन. "बाई, पळा! एका बाईंनी आत्ता खोली रद्द केली. जहाज तासाभरात सुटतंय!"

मी चपला हातात घेऊन पळाले म्हटलं तरी चालेल. जहाजाच्या शिडीवर एका तरुण अधिकाऱ्यानं विचारलं, "एकट्याच? शेवटच्या खोलीच्या?" मी धापा टाकत मान हलवली. त्यानं टोपी काढली आणि माझी बॅग स्वतः उचलली. मी मनात म्हटलं, याला म्हणतात शिस्त!

आत शिरताच समोर पाटी होती: 'पोहण्याचा तलाव दुरुस्तीसाठी बंद.' मी ती वाचतेय तोच जहाजाचा व्यवस्थापक आला. उंच, लांबट चेहऱ्याचा, दाढ दुखत असल्यासारखा.

"बाई, जे झालं त्याचं आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटतंय."

"अहो, चालायचंच!" मी म्हणाले. "मला तसाही त्याचा काही उपयोग नव्हता."

त्याचा चेहरा आणखी लांब झाला. "तुम्हाला... फार मोठा धक्का बसला असेल."

"छे! उलट बरंच झालं म्हणते मी. वास येतो, आणि दिवसभर परक्या बायका त्यात डुंबत असतात!"

तो भिंतीला टेकला. मला वाटलं, जहाज हललं.

जहाजावर प्रवासी म्हणजे मूठभर म्हातारेकोतारे. जेवणघरात माझं टेबल वेगळं, त्यावर पांढरी फुलं. पियानोवाला मला पाहून एकदम रडवं काहीतरी वाजवू लागला. शेजारच्या टेबलावरच्या एक जाड भिंगाच्या आजी उठून आल्या आणि त्यांनी माझा हात धरला.

"यजमान गेले ना तुमचे?"

"हो." खोटं कशाला सांगू?

"हृदय?"

"हृदयच. उभ्या उभ्या गेले."

"आणि तुम्ही इतक्या शांतपणे जेवताय!"

"सवय होते हो. आता मी मोकळी! जगभर भटकणार आहे!"

आजींनी माझा हात गरम भांडं सोडावं तसा सोडला. त्यानंतर माझ्या टेबलाकडे कुणी फिरकलं नाही. मला वाटलं, एकटी बाई हसतमुख दिसली की लोकांना बघवत नाही!

दुसऱ्या दिवशी खुद्द कप्तान माझ्या दाराशी. "तुमची तयारी असेल, तर खाली बघायला येता?"

आता सांगा, कप्तान स्वतः इंजिन दाखवायला नेतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? "कधीपासून वाट बघतेय!" मी म्हणाले. कॅमेरासुद्धा घेतला.

खाली, खाली, आणखी खाली. गालिचे संपले, रंगवलेल्या भिंती संपल्या, नुसते पाईप उरले. बटाट्यांच्या पोत्यांची कोठी गेली, धुण्याच्या यंत्रांची खोली गेली. एका लोखंडी दाराशी जहाजाचा डॉक्टर आणि नर्स उभे. आत हाडं गोठवणारी थंडी.

"इंजिन इतकं गार असतं?" मी विचारलं.

डॉक्टरनं खण ओढला.

खणात माणूस होता. साठीचा, दाढीचे खुंट वाढलेला, ओठ किंचित उघडे, जणू काही विचारता विचारता राहून गेलेला. केस कुणीतरी ओले करून चुकीच्या बाजूला विंचरले होते.

मी किंचाळले! कॅमेरा पडला, मी पडले, नर्सनं मला धरलं.

"हा कोण?"

"मावशी, शांत व्हा. गेल्यावर चेहरा थोडा बदलतो."

"अहो, हा माझा नवरा नाही! माझा नवरा केव्हाच गेला!"

"हो, गेला," डॉक्टर मायेनं म्हणाला. "ते आता तुम्ही स्वीकारायला हवं."

"स्वीकारलंय की! पण तो वेगळा!"

"सगळ्यांना असंच वाटतं," म्हणत त्यानं माझ्या दंडात सुई टोचली.

जाग आली तेव्हा कप्तान माझ्या खोलीत खुर्चीवर बसला होता, मान खाली घालून. त्यानं कंपनीच्या कचेरीत चौकशी केली होती. तो माणूस एकटाच प्रवास करत होता. आदल्या टप्प्यात झोपेतच गेला. मी चढले त्याच बंदरावर त्याची बायको चढून त्याला घरी नेणार होती. तिनं ऐन वेळी खोली रद्द केली, कचेरीनं ती मला विकली आणि जहाजाला कळवायचं राहिलं.

"का नाही आल्या त्या?"

कप्तानानं टोपी गुडघ्यावर फिरवली. "त्यांनी कळवलंय, ज्या बाईबरोबर तो मजा मारायला गेला, तिनंच त्याला उतरवून घ्यावं."

"होती का कुणी बाई?"

"कुणी नव्हतं. खिडकीपाशी एकटे जेवायचे. पाव उरवून पक्ष्यांना टाकायचे, म्हणून आम्ही रागवायचो. आतून कुणी ओ देईना म्हणून चादरी बदलणाऱ्यानं दार उघडलं."

मी अंगावरची चादर बाजूला सारली.

पोस्टात एक कोपरा होता, घेणारा न सापडलेल्या खोक्यांचा. त्या कोपऱ्याकडे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. जेवण जाईना. रात्री दार आतून बंद करावं की उघडं ठेवावं, हेही समजेना. शेवटच्या बंदराच्या आदल्या दिवशी मी कप्तानाला म्हणाले, "त्यांना उतरवताना मी उभी राहते. नाहीतरी सगळं जहाज मला त्यांची बायकोच समजतंय."

उतरलो. राखाडी आभाळ, ओला धक्का, पलीकडे क्रेनचा खडखडाट. पेटी खाली आली. अधिकारी टोप्या काढून उभे. त्या जाड भिंगाच्या आजीसुद्धा आल्या. मी पेटीवर हात ठेवला आणि काय झालं कोण जाणे, मला रडूच फुटलं! माझ्या नवऱ्याच्या वेळी नातेवाइकांचा चहा करण्यात राहून गेलं होतं, ते सगळं या परक्या माणसावर निघालं. हुंदके, नाक, सगळं.

तेवढ्यात धक्क्यावर टॅक्सी थांबली. एक बाई उतरली. अंगात पुरुषी कोट, केस विस्कटलेले. तरातरा माझ्यासमोर आली.

"अच्छा! म्हणजे ती तू!"

आणि फाडकन माझ्या थोबाडीत!

कप्तान पुढे झाला, पण मी त्याचा हात धरला. ती पेटीकडे बघत होती.

"शेवटी काही बोलला का?" तिनं मला विचारलं. तो आवाज आधीचा नव्हता.

काय सांगू? की बंद खोली, आणि दार वाजवणारा चादरवाला? ते माझ्याच्यानं होईना.

"तुमचं नाव घेतलं हो," मी म्हणाले. "दोनदा."

"खरंच? काय म्हणाला? लाडाचं नाव की पूर्ण?"

मी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

दुसरी पहिलीपेक्षा जोरात बसली! मला ढकलून ती माझ्या जागी उभी राहिली आणि पेटीला रागावू लागली. गोळ्या का घेतल्या नाहीस, फोन का उचलला नाहीस, हट्ट का केलास. थांबेचना.

"मी त्यांना खरं सांगतो," कप्तान कुजबुजला.

"सांगा, पण आज नको. आज त्यांना भांडू द्या."

बॅग उचलून मी धक्क्याच्या टोकाला गेले. मुलीला खुशाली कळवायला हवी, म्हणून समुद्राकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढला आणि पाठवला. लगेच उत्तर आलं:

"आई, गाल काय गुलाबी झालेत गं तुझे! समुद्राची हवा चांगलीच मानवली!"