करीमभाईंची रजा

करीमभाईंसमोर उभं राहून कुणालाच बोलता येत नसे. "पयले बसा," हे त्यांचं पहिलं वाक्य. एकदा इस्पितळाचे मोठे साहेब तावातावानं आले, तर त्यांनाही बसवलं. खुर्ची नव्हती, म्हणून औषधांच्या खोक्यावर. खोकं खचू नये म्हणून जपून बसण्यातच साहेबांचा राग निघून गेला.

लढाईचे दिवस होते. वेड्यांच्या इस्पितळात आम्ही पाच शिकाऊ डॉक्टर, आणि आमच्यावर थोरले म्हणून नेमलेले शेलूबाजारचे डॉक्टर करीमभाई. आमच्या पाळ्या लावणं, आम्हाला शिकवणं आणि आमच्या वाटची बोलणी स्वतः खाणं, ही त्यांची कामं. मी रोग्याची लक्षणं घडाघडा सांगितली की विचारत, "अन् याले भाजी कोनती आवडते?"

मला माहीत नसे.

"मंग काय तपासलं तू? जाय, इचारून ये."

नामदेव नावाचा रोगी बरा झाला, पण घरचं कुणी न्यायला येईना. करीमभाई रजा काढून त्याला मानोऱ्याजवळच्या त्याच्या गावी पोचवायला निघाले. शिकायला म्हणून मलाही सोबत घेतलं.

नामदेवचा भाऊ दारातच आडवा आला. "डाक्टरसायब, याले पुन्हा झटका आला त? घरात लेकरं हायेत."

नामदेव जमिनीकडे बघत राहिला. मी पुस्तकातलं काहीतरी समजावू लागलो, तर करीमभाईंनी मलाच गप्प केलं.

"तुमचं भेव काई खोटं नाही," ते भावाला म्हणाले. "मी आठ दिवस इथंच राह्यतो. गोठ्यात झोपतो. काई झालं त मले हाक मारा."

मी एकटाच परतलो. नवव्या दिवशी करीमभाई उगवले. चेहरा रापलेला, कापूस वेचून बोटं ओरखडलेली.

"ठेवून घेतलं त्याला?"

"दोघं भाऊ संगं वावरात गेले, तवाच निंगालो."

"पण तुमची वर्षभराची सगळी रजा यातच संपली की! आता घरी कधी जाणार?"

"घरी कोन हाये? मा गेली, तवापासून कुलूपच हाये."

ते पुढच्या आठवड्याच्या पाळ्या लिहायला बसले. लिहिता लिहिता, मान वर न करताच म्हणाले, "नामदेवची मा रोज सांजच्याले गोठ्यात येऊन इचारे, 'जेवला का, बाप्पा?' लय दिवसांनी कोनी इचारलं."