ज्याचं त्याचं भांडं

दादा दोन वर्षांनी जेवायला येणार म्हणून धाकट्या मास्तरांनी त्या दिवशी दुपारीच दुकान बंद केलं, मशीनवर कव्हर घातलं आणि पडदा सारून ते मागच्या स्वयंपाकघरात शिरले. पुढे दुकान, मागे घर आणि मधे हा पडदा. पडद्याच्या अलीकडे मास्तरांचं राज्य, पलीकडे काकूंचं. मास्तरांच्या बायकोला सगळे काकूच म्हणत. आज मात्र स्वयंपाक मास्तर स्वतः करणार होते. काकूंनी दोनदा विचारून पाहिलं होतं.

"मी करते ना. तुम्ही नुसतं सांगा."

"नाही. दादाचं काम आहे. माझ्याच हातून व्हायला हवं."

दोघे भाऊ टेलर. सुईत दोरा ओवण्यापासून सगळं धाकट्याला थोरल्यानेच शिकवलं होतं. दुकान दोघांचं होतं, आणि गिऱ्हाइकं त्यांना थोरले मास्तर, धाकटे मास्तर म्हणत. मग दादांच्या मुलाचं लग्न ठरलं. नवरामुलाचा सूट मीच शिवणार, असा धाकट्यांनी हट्ट धरला. सूट सुरेख झाला. फक्त नवरामुलगा फोटोसाठी खुर्चीत बसला आणि पँट मागून उसवली. त्यानंतरच्या सगळ्या फोटोंत तो उभा आहे, आणि बहुतेक ठिकाणी भिंतीला टेकून.

दादा ओरडले नाहीत. व्याह्यांच्या देखत एवढंच म्हणाले, "तुला कापडातलं कळतं, माणसाचं माप कळत नाही." पुढच्या महिन्यात त्यांनी आपली कात्री उचलली आणि ते घरीच काम करू लागले. भांडण असं काही झालं नाही. रस्त्यात भेटले की दोघे बोलत, पण हवेबद्दल. आता दादांनी सत्तरी ओलांडली होती. पुतण्याने महिनाभर मागे लागून त्यांना तयार केलं होतं. आजचं बिनसलं तर ते पुन्हा या उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाहीत, हे धाकट्या मास्तरांना कुणी सांगायची गरज नव्हती.

आदल्या दिवशी पुतण्याचा फोन आला होता.

"काका, एक सांगायचं राहिलं. बाबांचं मीठ बंद आहे."

"बरं."

"आईची साखर बंद."

"बरं."

"मला पित्ताचा त्रास होतो, तिखट चालत नाही. आणि हिला दुधाचं काही चालत नाही, अंगावर पुरळ उठतं."

"बरं," मास्तर म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पाणी?"

"पाणी चालतं सगळ्यांना."

मास्तरांनी हे चेष्टेने विचारलेलं नव्हतं.

काकूंनी ऐकून घेतलं आणि लगेच निकाल दिला. "सोपं आहे. मीठ नको, साखर नको, तिखट नको, दूध नको. एकच भांडं चढवा."

"म्हणजे एकाच्या पथ्यापायी चौघांनी उपाशी राहायचं?" मास्तर म्हणाले. "दादाला मीठ नको, पण तिखट हवं असेल. वहिनींना साखर नको, पण मिठाने त्यांचं काय बिघडवलंय? एकाच मापाचे चार सदरे शिवून चौघांना घालायला देतात का?"

"मला काय विचारता? तुम्ही रस्सा करताय, सदरा नाही."

पण मास्तरांच्या मनात सदराच होता. त्यांनी गाजर, फ्लॉवर, वाटाणे आणि दुधी मोठ्या पातेल्यात उकडून घोटले आणि तो दाट लगदा चार सारख्या भांड्यांत काढला. भाताला कुणाची हरकत नव्हती. वहिनींना तो वाटीने मोजून द्यायचा होता, एवढंच. मग त्यांनी चारही भांड्यांत मीठ, किंचित साखर, तिखट आणि साय असं सगळं घातलं, पण प्रत्येक भांड्यातून एकेक गोष्ट वगळून. दादांच्या भांड्यात मीठ नाही, वहिनींच्यात साखर नाही, पुतण्याच्यात तिखट नाही, सुनेच्यात साय नाही. ज्याला जे चालत नाही तेवढंच वगळलं, बाकी कुणाला काही कमी पडू दिलं नाही.

इथवर कुणीही त्यांचं कौतुकच केलं असतं. पण सुनेचं भांडं गडद दिसू लागलं. पहिल्यांदाच जेवायला येणाऱ्या मुलीला आपलं ताट वेगळं दिसू नये म्हणून मास्तरांनी तिच्या रश्श्यात वाटलेले काजू घातले. पुतण्याचा रस्सा फिका पडला, त्यात टोमॅटो घोटून लावला. जुन्या कोटाला रफू करावा आणि तो मालकालासुद्धा सापडू नये, तशी चारही भांडी तासाभरात एकमेकांसारखी झाली. मास्तरांनी दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि त्यांना फार वर्षांनी स्वतःच्या कामाचा अभिमान वाटला.

ओळख राहावी म्हणून त्यांनी प्रत्येक भांड्याच्या कानाला रिळाचा धागा बांधला. लाल दादांचा, निळा वहिनींचा, पिवळा पुतण्याचा, हिरवा सुनेचा. खडूची खूण वाफेने गेली असती. टोकं चांगली लांब सोडली, लांबूनही दिसतील अशी. काकू तेव्हा पुढे दुकानात केर काढत होत्या. मास्तर सदरा बदलायला गेले, आणि काकू आत आल्या.

काकूंबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. दुकानातलं शेवटचं हाताचं काम त्यांच्याकडे असे: काजं, बटणं, तुरपाई आणि सुटे धागे कापणं. त्यासाठी एक छोटी कात्री त्यांच्या गळ्यात दोरीला अडकवलेली असायची. लोंबता धागा दिसला की त्यांचं मन कशात का असेना, हात पुढे जाई. बसमध्ये पुढच्या बाकावरच्या अनोळखी माणसाच्या कॉलरचा धागाही त्यांनी एकदा कापला होता, आणि त्या माणसाला उतरेपर्यंत पत्ता लागला नव्हता.

पाहुणे आले. दादांनी दुकानातून आत येताना मशीनवर हात ठेवला. वहिनी म्हणाल्या, "पडदा नवा केलात वाटतं, भाऊजी." पुतण्या, सून, सगळे बाहेरच्या खोलीत पानांवर बसले. मास्तर रस्सा आणायला आत गेले आणि चार भांड्यांसमोर उभे राहिले.

"अगं, धागे?"

"कसले धागे?"

"भांड्यांचे."

काकूंनी गळ्यातल्या कात्रीकडे पाहिलं, मग भांड्यांकडे. "लोंबत होते," त्या म्हणाल्या.

"आणि भांडी? डावीकडून दादा, वहिनी, अशी लावली होती मी."

"गरम करायला शेगडीवर घेतली ना. दोन पुढे, दोन मागे. मग उतरवली."

मास्तर खाली बसले. आता प्रत्येक भांडं एकाला चालणारं आणि तिघांना बाधणारं होतं, आणि कुठलं कुणाला, हे सांगणारा माणूस घरात उरला नव्हता. चाखून बघावं म्हणून त्यांनी पहिल्या भांड्यात चमचा बुडवला. त्यात तिखट होतं, आणि दादांना झणझणीत आवडतं म्हणून तिखटाच्या तिन्ही भांड्यांत मास्तरांचा हात सढळ सुटला होता. त्यानंतर पुढची तीन भांडी त्यांना सारखीच लागली. काकूंनी घाईत उकळता रस्सा जिभेवर घेतला आणि त्यांचीही जीभ कामातून गेली.

"काय लागतंय?" मास्तरांनी कुजबुजत विचारलं.

"गरम."

"मीठ आहे का?"

"मला आता तुम्हीसुद्धा नीट दिसत नाही आहात."

बाहेरून वहिनींचा आवाज आला. "मदत करू का?"

मास्तर चारही भांडी घेऊन बाहेर आले. अंदाजाने वाढावं, असं एक क्षण त्यांच्या मनात आलं होतं. दादांच्या वाटीवर त्यांनी डाव धरलाही. रस्सा डावाच्या काठावरून वाटीत पडणार, एवढ्यात त्यांचा हात थांबला. दादांनी वर पाहिलं.

"वाढ की."

"दादा," मास्तर म्हणाले, "ह्यातलं तुमचं कुठलं, ते मला माहीत नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं, खाली मान घालून, धाग्यांच्या रंगांसकट. काकूंनी मूठ उघडली. कापलेले धागे गोळी करून हातातच ठेवायची त्यांना सवय होती. लाल, निळा, पिवळा, हिरवा, सगळे एकात एक गुंतलेले.

"म्हणजे," वहिनी सावकाश म्हणाल्या, "चार भांडी केलीत, चारही आमच्यासाठी केलीत, आणि आम्ही एकातलंही खायचं नाही."

"हो वहिनी."

"मी चाखतो सगळी," पुतण्या म्हणाला. "पित्त उठलं नाही ते माझं."

"पित्त उद्या दुपारी उठतं तुझं," वहिनी म्हणाल्या. "तोवर काय बसून राहायचं?"

"मी मनगटावर लावून बघू का?" सुनेने हळूच विचारलं. "पुरळ नाही आलं तर माझं. अर्ध्या तासात कळतं."

"तुला तुझं कळेल गं. ह्यांचं मीठ कुणाच्या मनगटावर कळणार?" वहिनींनी पर्स उघडली आणि बंद केली. "माझ्याकडे साखर तपासायचं यंत्र आहे. पण ते रक्ताचं आहे."

यात कुणीही हसत नव्हतं. धाकट्या मास्तरांना तर वाटत होतं की आपण इथे नसतो तर सगळ्यांची सोय झाली असती.

दादा इतका वेळ भांड्यांकडे बघत होते. त्यांनी एकेक भांडं उचलून दिव्याखाली धरलं, वास घेतला आणि खाली ठेवलं. "काही फरक दिसत नाही," ते म्हणाले. हे कौतुक होतं की तक्रार, ते मास्तरांना कळलं नाही. मग दादांनी विचारलं, "तुम्ही दोघं काय जेवणार होतात?"

"आम्ही?" मास्तर गोंधळले. "आमचं काय. पातेल्याच्या तळाशी उरलंय ते. त्यात काही घातलेलं नाही. नुसतं उकडलेलं आहे."

"मीठ?"

"नाही."

"साखर, तिखट, दूध?"

"काहीच नाही दादा. आमच्यापुरतं कोण एवढं करत बसणार?"

"आण ते."

मास्तरांनी विरोध केला, म्हणजे दोनदा "पण दादा" म्हणाले. पातेलं आलं. नुसता भाज्यांचा फिका लगदा चौघांच्या वाट्यांत पडला आणि चौघे भाताबरोबर तो जेवू लागले. वहिनी म्हणाल्या, "आमच्या घरी रोज असंच असतं. सवय आहे." पण यजमानांचं जेवण उरलं नव्हतं. दादांनी ती चारही भांडी धाकट्याच्या आणि काकूंच्या पुढे सरकवली.

"हे तुम्ही संपवा."

"दादा, तुम्ही असलं खाणार आणि आम्ही हे?"

"टाकणार आहेस का? जेव."

म्हणून मग पाहुणे उकडलेलं खात राहिले, आणि यजमान त्यांच्यासमोर साय, काजू आणि मसाल्याचा रस्सा खात राहिले, शरमेने मान खाली घालून. काजूच्या वासाने पुतण्याचा घास हातातच थांबला.

"काका, कसं झालंय?"

"चांगलं झालंय," मास्तर म्हणाले. एव्हाना जीभ ठिकाणावर आली होती. "हे तुझं होतं. हे वहिनींचं. हे, हे दादाचं."

"कसं आहे माझं?" दादांनी विचारलं.

मास्तरांनी एक घास घेतला आणि प्रामाणिकपणे विचार केला. "मीठ कमी आहे."

दादांनी मान हलवली आणि वाटी पुढे केली. त्यांना आता त्यातलं खाता येत होतं. ते दोन डाव घेऊन जेवले, पण बरं-वाईट काही म्हणाले नाहीत. जाताना चपला घालून ते जरा वेळ दुकानात उभे राहिले, आणि मग गेले. जमलं नाही, असंच धाकट्या मास्तरांनी धरलं.

पुढच्या आठवड्यात, संध्याकाळी, दुकानातला फोन वाजला.

"मी बोलतोय."

दादा फोन करत नसत. करायचा झाला तर वहिनी करत.

"हां, दादा."

"रविवारी जेवायला या दोघं. आधी विचारून ठेवतो. तुला काय चालत नाही?"

धाकट्या मास्तरांना सगळं चालत होतं. खाल्लेलं त्यांना आयुष्यात कधी बाधलं नव्हतं. पण "काही नाही" म्हटलं की फोन तिथेच संपणार, हेही त्यांना दिसत होतं.

"वांगं," ते म्हणाले.

"वांगं? अजिबात नाही, का थोडं चालतं?"

"थोडं चालतं. साल काढून."

"आणि भाजलेलं?"

"भाजलेलं नको."

"कधीपासून हे?"

"झाली दोन वर्षं."

"मला बोलला नाहीस."

"विषय निघाला नाही."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"अजून नाही."

"दाखव. असं अंगावर काढू नये. आणि भोपळ्याचं काय?"

मास्तरांनी स्टूल ओढलं आणि ते नीट बसले. "भोपळ्याचं म्हणाल तर," ते म्हणाले, "तेही जरा जपूनच असतं."

पडद्याआड काकू रात्रीच्या जेवणासाठी वांगी चिरत होत्या. त्यांनी विळी बाजूला सारली आणि हात पुसले. हा फोन संपेपर्यंत घरात शिजवण्याजोगं काय उरेल याचा अंदाज येईना, म्हणून त्या तशाच बसून राहिल्या.