लायलची रीजंट मयतीला जाते

“अशी गाडी चालवायला नशीब लागतं आणि ओळखायला अक्कल! माझ्याकडे दोन्ही आहे!” बुधवारी संध्याकाळी दारात उभा राहून लायल हॉकेट अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात गरजला. त्याच वेळी बायकोने दाराला आतून कडी घालायला हवी होती. पण नोरीन बिचारी हात पुसत बाहेर आली.

दारात काळी कुळकुळीत रीजंट उभी होती. अस्सल अमेरिकन, आठ सिलिंडरची, आतून लोण्यासारख्या मऊ चामड्याने मढवलेली. जुनी, म्हणजे कोणीतरी वापरून विकलेली. पण लायल काही ‘जुनी’ म्हणायला तयार नव्हता. तो ‘मुरलेली’ म्हणत होता! लोणचं मुरतं हे आपल्याला ठाऊक आहे. गाडीही मुरते, हा शोध ओहायोतल्या या एकट्या महापुरुषाचा.

“क्लीव्हलंडच्या एका डेंटिस्टची होती,” लायल म्हणाला. “फक्त रविवारी बाहेर काढायचा!”

“आपला ट्रक कुठाय?” नोरीनने विचारलं.

“बघ ना, बसून तर बघ! सीट गरम होते!”

“लायल, ट्रक कुठाय?”

“दिला.”

“कोणाला दिला?”

“त्यांनाच. हिच्या बदल्यात.”

आता हा गृहस्थ कोणी कारखानदार असता तर गोष्ट वेगळी. लायलचं गालिच्यांचं दुकान होतं! बारा-बारा फुटांच्या गालिच्यांची वळकटी ट्रकमध्ये टाकायची आणि गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन अंथरायची, हा त्याचा धंदा. धंद्याचे पाय विकून हा टोपी घेऊन आला होता.

“गालिचे कशातून नेणार? डोक्यावरून?”

“मागची सीट आडवी होते,” लायल म्हणाला. नोरीनने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती इथे लिहिण्याजोगी नाही.

सुदैवाने विकणाऱ्याने सात दिवसांची मुदत दिली होती. मन बदललं तर गाडी परत, ट्रक परत. नोरीनने तो मुद्दा अचूक पकडला.

“हे बघ,” ती म्हणाली, “शनिवारी बर्निसमावशीची मयत आहे. आईला घेऊन चर्चला जायचं, तिथून दफनभूमी, तिथून परत चर्चच्या तळघरात जेवायला. एवढं या तुझ्या मुरलेल्या बाईने धड केलं, तर ठेव. एक जरी खुसपट निघालं, तर सोमवारी ही परत आणि ट्रक घरी. कबूल?”

“कबूल!” लायल म्हणाला. “अगं, तूच सोमवारी म्हणशील, मला एक चक्कर मारून आण!”

घोडामैदान जवळच होतं. पण शहाण्या माणसाने मधल्या दोन दिवसांत काय केलं असतं? टाकी भरली असती. लायलने काय केलं? शुक्रवारी संध्याकाळी गाडी दारात उभी करून शेजाऱ्यांना इंजिनाची डरकाळी ऐकवली. एक शेजारी गेला की दुसऱ्याला बोलवायचं, की पुन्हा डरकाळी! गाडी जागची हलली नाही आणि अर्धी टाकी गल्लीच्या कानांत ओतून झाली.

शनिवारी सकाळी सासूबाई आल्या. डेल्फीनबाई चौऱ्याऐंशीच्या, अंगाने चिपाड, जिभेने कात्री. बर्निस ही त्यांची थोरली बहीण. तिला मूलबाळ नव्हतं, म्हणजे आजच्या मानकरी डेल्फीनबाईच.

“जावईबापू, ही गाडी आहे की शवपेटी?” बसता बसता त्यांनी विचारलं. “बर्निसची पेटी हिच्यापेक्षा ऐसपैस आहे.”

“आई, ही स्पोर्ट्स गाडी आहे. चालकाला कवेत घेते.”

“मला कोणी कवेत घ्यायला नको. माझी हाडं मोडतील.”

चर्चमधलं सगळं नीट पार पडलं. मग बाहेर गाड्या रांगेत लावायचं काम सुरू झालं. अंत्यविधीवाले मिस्टर ऑल्डरफर उभ्या जन्मात हसल्याची कोणाच्या आठवणीत नोंद नव्हती. सगळ्यात पुढे त्यांची शववाहिका, पाद्रीबुवांसह. तिच्यामागे घरच्यांची गाडी, मग नातेवाईक, मग गावकरी. एकूण चाळीसेक गाड्या. प्रत्येकीच्या बॉनेटवर लोहचुंबकाची एक जांभळी झेंडी बसवायची. दिवे लावायचे. आणि एकच नियम पाळायचा : नजर पुढच्या गाडीच्या ढुंगणावर! सिग्नल लाल असो की हिरवा, साखळी तुटता कामा नये. लहानपणापासून सगळ्यांना हे पाठ.

डेल्फीनबाईंमुळे रीजंटला शववाहिकेच्या मागची पहिली जागा मिळाली. लायलची छाती अशी फुगली, की मयत कोणाची आणि मिरवणूक कोणाची ते कळेना!

ऑल्डरफर झेंडी घेऊन आले. बॉनेटवर ठेवली. ती घसरून खाली पडली. पुन्हा ठेवली. पुन्हा पडली.

“लोखंड नाही का याला?” ऑल्डरफर खालच्या आवाजात म्हणाले.

“अ‍ॅल्युमिनियम!” लायल अभिमानाने म्हणाला. “हलकं असतं! वेगासाठी!”

“आम्हाला वेग लागत नाही, साहेब,” ऑल्डरफर म्हणाले. “आमचं गिऱ्हाईक घाईत नसतं.”

“आणा ती इकडे,” डेल्फीनबाई म्हणाल्या. त्यांनी काच खाली केली आणि झेंडी हातात धरून बाहेर काढली. “चला आता. माझा हात दुखायच्या आत तिला पोचवा.”

रांग निघाली. गोगलगायीला लाज वाटेल अशी चाल. रीजंटला ती चाल मानवेना. ती घशात गुरगुरत होती आणि पेट्रोल पीत होती. गावाबाहेर पडता पडता समोर एक पिवळा दिवा लागला.

“हा दिवा कसला?” नोरीनने विचारलं.

“डिझाइन आहे.”

“त्यावर पेट्रोल पंपाचं चित्र आहे, लायल.”

“डेंटिस्टला आवडत असेल!”

पण घाम फुटला होता. दफनभूमी अजून बरीच लांब, मध्ये नुसती मक्याची शेतं. गाडी रस्त्यात बंद पडली, तर सोमवारी ट्रक! लायलच्या डोळ्यांसमोर तो ट्रक, तो गंजलेला दरवाजा आणि नोरीनचं विजयी हसू, सगळं एकदम नाचलं. तेवढ्यात वळणावर पेट्रोल पंप दिसला, आणि त्याच्या डोक्यात कल्पना आली. हळूच बाजूला व्हायचं, घोटभर पेट्रोल भरायचं. मागचे शववाहिकेमागे निघून जातील. आपण दोन मिनिटांत गाठू. कोणाला कळणारही नाही!

शववाहिका सरळ गेली. लायल वळला.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. मयतीच्या रांगेत ते खोटं! पुढच्याला ठेच लागली की मागचे सगळे ओळीने ठेचकाळतात. लायलच्या मागची गाडी वळली. तिच्यामागची वळली. दिवे लावून, झेंड्या मिरवत, गंभीर चेहऱ्यांनी चाळीस गाड्या पेट्रोल पंपावर शिरल्या. आणि बर्निसमावशी पाद्रीबुवांसोबत मक्याच्या शेतांमधून एकट्याच पुढे निघून गेल्या.

“देवा!” नोरीन मागे वळून म्हणाली. “लायल, हे सगळे इथे आले!”

“येऊ देत. जाताना आपल्या मागे येतील.”

पण येतील कसे? लोक उतरले की हो! पेट्रोल पंपावर थांबलोच आहोत तर भरून घेऊ, असं एकाने म्हटलं आणि सहा जणांनी रांग लावली. बायका बाथरूमकडे वळल्या. पंपाच्या दुकानातल्या टीव्हीवर ओहायोची फुटबॉलची मॅच चालू होती. ती दिसल्याबरोबर पुरुषांचं दुःख काचेपाशी गोळा झालं. काळ्या कोटांतली माणसं हातात कॉफी आणि डोनट घेऊन “पळ! अरे पळ ना!” असं ओरडायला लागली. शवपेटीला खांदा देणाऱ्या एकाने तर मासेमारीचे गळही विकत घेतले.

लायलने टाकी भरली आणि हात जोडत सगळ्यांमागे फिरायला लागला. “चला हो! चला! मावशी पुढे गेल्या!”

“थांब रे, शेवटचा डाव आहे,” नोरीनचा चुलतभाऊ म्हणाला. “बर्निसला मॅच आवडायची. ती समजून घेईल.”

एवढ्यात नोरीनचा फोन वाजला. ऑल्डरफर होते. आवाज तसाच, खालचा. “बाई, आम्ही पोचलो. बर्निसबाईही पोचल्या. आपण कुठे आहात, हे विचारणं उद्धटपणाचं होईल का?”

नोरीनने फोन बंद केला. ती काही बोलली नाही. बायको ओरडते तोवर नवऱ्याने निर्धास्त असावं. ती गप्प बसली की समजावं, खरं संकट आलं! लायलला ते कळलं. त्याने सगळ्यांना कसंबसं गाड्यांत कोंबलं, स्टिअरिंगवर बसला आणि तीन दिवस ज्याकडे नुसता प्रेमाने बघत होता, ते ‘स्पोर्ट’चं बटण दाबलं.

रीजंट उडाली!

“लायल!” नोरीन किंचाळली.

“घट्ट धरून बस! दोन मिनिटांत पोचतो!”

आणि मागचे? मागचे बिचारे नियमाचे पक्के. साखळी तुटता कामा नये! मिनिव्हॅन उडाली. तिच्यामागे खटारा ट्रक उडाला. नव्वदीच्या वेगाने चाळीस गाड्यांची अंत्ययात्रा मक्याच्या शेतांमधून सुटली. समोरून येणाऱ्या एका शेतकऱ्याने रिवाजाप्रमाणे ट्रॅक्टर बाजूला घेतला आणि मान देण्यासाठी टोपी काढून हातात धरली. पहिल्या पाच गाड्यांच्या वाऱ्यानेच ती टोपी शेतात गेली. आणि या सगळ्यांच्या पुढे, खिडकीतून अर्ध्या बाहेर, डेल्फीनबाई! पांढरे केस उभे, हातात फडफडती जांभळी झेंडी!

“आई, आत या!” नोरीन ओरडली.

“गप्प बस!” डेल्फीनबाई वाऱ्यात ओरडल्या. “जावईबापू, याच्यापुढे जात नाही का ही?”

मक्याच्या आडोशाला शेरीफचा एक तरुण हवालदार गाडी लावून बसला होता. त्याला दुरून झेंडी दिसली. पोरगा संस्कारी. खाली उतरला, हॅट छातीशी धरली, मान खाली घातली. मान वर केली तोवर अंत्ययात्रा संपलेली! मग त्याची ट्यूब पेटली आणि सायरन लागला.

लायल थांबला. मागचे चाळीस थांबले.

हवालदार खिडकीशी आला. त्याने रांगेवर पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत नजर फिरवली. “काका,” तो शेवटी म्हणाला, “लोक उशीर झाला म्हणून पळतात, हे मी समजू शकतो. पण मयत कुठाय?”

“पुढे गेली,” लायल म्हणाला.

“एकटी?”

“पाद्रीबुवा आहेत सोबतीला.”

“बाळा,” डेल्फीनबाई मधे पडल्या, “माझी बहीण आहे ती. आधी तिला पुरू दे. मग या जावयाला पुर, माझी हरकत नाही.”

पोराने पावती फाडलीच. पण नंतर स्वतः दिवे लावून पुढे निघाला आणि ती सगळी वरात त्याने मुंगीच्या पावलांनी दफनभूमीत नेली. ऑल्डरफर फाटकात उभे होते. ते अजूनही हसले नाहीत, मात्र त्यांची डावी भुवई थरथरत होती. बर्निसमावशींना माती दिली गेली. सगळे मान खाली घालून उभे होते. मागून कोणीतरी हळूच विचारलं, “स्कोअर काय झाला?”

चर्चच्या तळघरात जेवण मांडलं होतं. हॅम, चीज घालून भाजलेले बटाटे, थरथरणारी हिरवी जेली. लायल कोपऱ्यात ताटली घेऊन बसला होता. एक खुसपट म्हटलं होतं. इथे खुसपटांची वळकटी झाली होती! मनातल्या मनात तो ट्रकच्या गंजलेल्या दरवाज्याला नमस्कार करून मोकळा झाला.

नोरीन समोर येऊन उभी राहिली. “सोमवारी सकाळी. गाड्यांचं दुकान उघडायच्या आधी दारात जाऊन उभा राहा.”

“हो.”

“काय सोमवारी?” डेल्फीनबाई वॉकर खटखटवत आल्या. मागे त्यांच्या बिंगोच्या, म्हणजे आपल्या हाउझीच्या, चार मैत्रिणी, सगळ्या विधवा, सगळ्या ऐंशीच्या पुढच्या.

“गाडी परत करतोय, आई.”

“खबरदार!” म्हातारी कडाडली. सगळं तळघर वळून बघायला लागलं. “बर्निस जन्मभर प्रत्येक ठिकाणी माझ्या आधी पोचली. लग्नाला आधी, सेलमध्ये आधी, वर जायलाही आधी! आज पहिल्यांदा मला वाटलं, मी तिला गाठतेय. ती गाडी कुठेही जाणार नाही!”

लायलचा कानांवर विश्वास बसेना. ज्या बाईने तीस वर्षांत त्याच्याबद्दल एक धड शब्द काढला नाही, ती त्याच्या बाजूने उभी! डोळ्यांत पाणी आलं हो त्याच्या. त्याने सासूचा हात धरला. “आई, तुम्हीच मला ओळखलंत!”

“ओळखलं तर. गुरुवारी पार्लर,” डेल्फीनबाई म्हणाल्या. “दहा वाजता ये. शुक्रवारी बिंगो, मग या चौघींना घरी सोडायचं. मंगळवारी माझे गुडघे दाखवायचे, रविवारी चर्च. त्या खिडकीपाशी मी बसणार. आणि ते बटण दाबायचं!”

“माझ्या मांडीवर कुत्रा असतो,” एक मैत्रीण म्हणाली. “त्याला गाडी लागते, पण थोडीच.”

“मला पुढची सीट हवी,” दुसरी म्हणाली. “ती गरम होते म्हणे.”

लायलने ताटली खाली ठेवली. पाचही चेहऱ्यांकडे एकदा पाहून घेतलं, लोण्यासारखं चामडं आठवलं, तो कुत्रा आठवला, आणि तो बायकोच्या कानाशी वाकला.

“नोरीन,” तो कुजबुजला, “सोमवारी किती वाजता उघडतं गं ते दुकान?”

नोरीन बटाट्यांचा मोठा घास घेऊन अख्ख्या दिवसात पहिल्यांदाच मनापासून हसली.

“अरे, आता परत कशी करणार?” ती म्हणाली. “आईला आवडलीय!”