सात डोळ्यांचा ड्रायव्हर

डोळ्यांच्या इस्पितळातल्या रुग्णांच्या नोंदी जुन्या संगणकातून नव्या संगणकात न्यायचं ठरलं. जुन्याची द्यायला हरकत नव्हती, नव्याची घ्यायला हरकत नव्हती. पण दोघांनाही दम धरवत नव्हता. थोड्याफार नोंदी जातात न जातात तोच पडद्यावर 'वेळ संपली' असं यायचं आणि काम ठप्प व्हायचं.

"थोड्या थोड्या पाठवू का?" ऑपरेटरबाईंनी विचारलं.

"छे, तुकडे नकोत. वर सांगताना बरं दिसत नाही," साहेब म्हणाले. "बंद पडलं की आपोआप सुरू होईल असं करा."

बाईंनी तसं केलं. काम बंद पडायचं आणि बिचारं पुन्हा पहिल्या नावापासून सुरू व्हायचं. वरची नावं पुन्हा पुन्हा गेली, खालची जागची हलली नाहीत. शेवटी एकदाचा नव्यातला नोंदींचा आकडा जुन्याएवढा झाला. साहेबांनी 'काम यशस्वी' असा शेरा मारला, जुना संगणक भंगारात गेला आणि बाईंना कायम करण्याची शिफारस झाली. बाई अगदी हुरळून गेल्या.

मग त्यांच्याच सासूबाईंची मोतीबिंदूची तारीख सापडेना. वर्षभर वाट पाहून मिळालेली तारीख हो! यादीतलं पहिलं नाव एका ट्रक ड्रायव्हरचं; ते सात वेळा चढलं, म्हणून त्याला मात्र सात डोळ्यांसाठी बोलावणं गेलं होतं.

"साहेब, माणसाला डोळे दोनच असतात."

"तो वैद्यकीय प्रश्न झाला. आपला प्रश्न आकड्याचा, आणि तो जुळलाय. एक ड्रायव्हर जरी काढलात तरी आकडा चुकेल. मग तुमची शिफारस कशी टिकायची?"

बाईंनी घरी येऊन सांगितलं, "आई, उद्या तुमचं ऑपरेशन. फक्त कोणी विचारलं तर तुम्ही ट्रक ड्रायव्हर."

"अगं, मला सायकलसुद्धा येत नाही."

"चालवायला कोण सांगतंय? नुसतं हो म्हणा."

ड्रायव्हरचा तिसरा डोळा म्हणून सासूबाईंचं ऑपरेशन छान पार पडलं. 'महिनाभर रात्रीचा ट्रक चालवू नये,' असं डॉक्टरांनी लिहूनही दिलं.

पट्टी निघाली. किती दिवसांनी सुनेचा चेहरा नीट दिसला, म्हणून सासूबाईंना भरून आलं. मग त्यांची नजर दाराबाहेरच्या बाकांवर गेली. डोळे चोळत, एकमेकांना चाचपत माणसं बसली होती, पार जिन्यापर्यंत.

"हे सगळे कोण गं? यांचं कधी?"

"त्यांची नोंदच नाही, आई. चला, रिक्षा थांबलीय."

सासूबाईंनी दोनदा मागे वळून पाहिलं. सुनेने नाही पाहिलं. तिला कशाला नावं ठेवायची? आपल्या घरचं काम झाल्यावर आपण तरी कुठे वळून बघतो.