पियानोतला कापूस

वैद्यांनी हात टेकले, तेव्हा खुशालरावांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा बायकोला विचारलं, "मैना, तुले काई पाह्यजे काय?"

"मडमेची पेटी आयकाची हाय एकडाव," मैनाबाई म्हणाली. तेवढ्यानंच तिला धाप लागली.

भातकुलीच्या मळ्यातली शेवंती घेऊन ती अमरावतीला, कॅम्पातल्या एका बंगल्यावर जायची. आत मडम पियानो वाजवायची आणि बंद दाराबाहेर, मागच्या पायरीवर, मैनाबाई रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसून राहायची. एक संथ, हळवी गत होती. मळ्यात तण निंदताना ती तीच गुणगुणायची आणि खुशालराव खेकसायचे, "मयतावानी काय गाऊन राहिली व?"

मडम नेमकी विलायतेला निघाली होती. सामानाच्या लिलावात खुशालरावांनी पियानोच उचलला. तो वाजवायलाही माणूस लागतो, हे गाडीला बैल जुंपल्यावर त्यांच्या लक्षात आलं. धक्क्यांनी आतल्या तारा तुटू नयेत म्हणून त्यांनी झाकण उघडून पोतंभर कापूस ठासला. वऱ्हाडातल्या माणसाला दुसरं काय सुचणार!

घरी पियानो दारातून आत जाईना. मैनाबाईला हलवायचं नाही, अशी वैद्यांची ताकीद होती. मग खुशालरावांनी तिच्या खोलीची भिंत पाडली. त्या धुळीनं खोकून खोकून बाई अर्धी झाली, आणि या गोंधळात कापूस काढायचा राहूनच गेला.

भजनातला पेटीवाला गोवर्धन आला. उजव्या हातानं पट्ट्या दाबत तो डाव्या हातानं मागं चाचपत राहिला.

"काका, याले भाताच नाई! हवा कुठून भराची?"

तरी त्यानं नेट लावून एक अभंग वाजवला.

"ते नाई," मैनाबाई क्षीण आवाजात म्हणाली.

"सरक बे," म्हणत खुशालराव स्वतः बसले. ज्या गतीवर ते जन्मभर खेकसले, ती त्यांना पुरती पाठ होती. एका जाड बोटानं, चुकत, थांबत, घाम पुसत त्यांनी ती शोधून काढली. आवाज गोधडीखालून आल्यासारखा येत होता. तेव्हा कुठं त्यांना आठवलं.

"कापूस राह्यला व आतमंदी! थांब, काढतो."

"राहू द्या," मैनाबाईनं डोळे मिटले. "दाराआडून असाच आयकू याचा मले."

चौथ्या दिवशी ती गेली. भिंतीचं खिंडार तसंच होतं. तिला तिथूनच बाहेर नेलं.

"बरं झालं, बुजवलं नाई. दार लय अरुंद होतं," शेजारचे नत्थुजी म्हणाले.

तेराव्याला गोवर्धननं आपण होऊन सगळा कापूस उपसला आणि एक पट्टी दाबली. सूर असा खणखणीत निघाला की वळचणीच्या चिमण्या उडाल्या.

"पाहा काका, सुधरली पेटी!"

खुशालराव उठले. जमिनीवरचा कापूस त्यांनी ओंजळीत गोळा केला आणि त्याच्यापुढं धरला.

"भर परत," ते म्हणाले. "होता तसा."